आमची वाटचाल : मदत करणाऱ्या भाराचा हिशेब

आमच्या छोट्या डिझाइन कचेरीचे बहुतेक काम बॉक्स कल्व्हर्टचे. रस्त्याखालून नाला किंवा कालवा नेणारी चौकोनी मोरी, एक गाळ्याची, कधी दोन-तीन गाळ्यांची. वर स्लॅब, खाली स्लॅब, दोन बाजूंना भिंती. यापेक्षा साधे बांधकाम दिसायला दुसरे नाही. म्हणूनच बहुधा 'सगळे भार जास्तीत जास्त धरले की डिझाइन सुरक्षित' या समजुतीवर आमची सुरुवात झाली. बॉक्सच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे. ती कुठे कुठे चुकते हे जसजसे ध्यानात येत गेले, तसतशी आमची कामाची पद्धत बदलली. आमची वाटचाल मुख्यतः या बदलाची आहे.

सोयीसाठी एकच उदाहरण धरतो. आतून ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच बॉक्स. स्लॅब आणि भिंती सगळीकडे ३०० मिमी. वर २ मीटर भराव. माती प्रति घनमीटर १८ किलोन्यूटन, काँक्रीट २५. भिंती आणि स्लॅबच्या जाडीच्या मध्यरेषेवरून घेतलेली चौकट ३.३ गुणिले ३.३ मीटर. आकडे सगळे बॉक्सच्या एक मीटर लांबीचे.

सुरुवातीला गणित हातानेच व्हायचे, हार्डी क्रॉसने १९३० साली मांडलेल्या मोमेंट (वाकवणारा जोर) वाटपाच्या पद्धतीने. आजही ते जमलेच पाहिजे असा आमचा आग्रह आहे. वरच्या स्लॅबवर भरावाचे ३६ आणि स्वतःचे ७.५ मिळून ४३.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. चारही बाजू सारख्या जाडीच्या आणि वर-खाली सारखाच भार असेल, तर कोपऱ्यातला मोमेंट भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले २४ आणि मध्यावरचा भागिले १२. म्हणजे कोपऱ्यात १९.७, मध्यावर ३९.५ किलोन्यूटन-मीटर. हाच स्लॅब भिंतींवर नुसता टेकलेला धरला तर मध्यावर ५९.२ येतात आणि कोपऱ्यात शून्य. तसे डिझाइन केलेल्या नकाशात तळाची सळई भरपूर असते, पण कोपऱ्याच्या बाहेरच्या अंगाला जवळजवळ काहीच नसते. काँक्रीट तर एकसंध ओतलेले असते, त्यामुळे कोपरा मोमेंट घेणारच. मग भिंतीच्या माथ्याशी, मातीच्या बाजूने आडवी भेग जाते, आणि ती भरावाआड असल्याने कुणाला दिसतही नाही.

आता बाजूच्या मातीचा दाब. चौकट ताठ असल्याने भिंती फारशा हलत नाहीत, म्हणून स्थिर अवस्थेचा दाब गुणांक धरायचा : १ वजा साइन फाय (फाय म्हणजे मातीच्या अंतर्गत घर्षणाचा कोन). फाय ३० अंश असेल तर ०.५. वरच्या मध्यरेषेला १९.४ आणि खालच्या मध्यरेषेला ४९, सरासरी ३४.२ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. या दाबाने कोपऱ्यात आणखी सुमारे १५.५ किलोन्यूटन-मीटर येतात, एकूण ३५.२ होतात. पण हाच दाब वरच्या स्लॅबच्या मध्यावरून १५.५ कमी करतो : ३९.५ चे २४ उरतात. भिंत आत ढकलली जाते आणि स्लॅबचा मध्य वर उचलला जातो.

इथेच आम्ही बराच काळ चुकत होतो. ०.५ हा मोठा गुणांक, म्हणून तो सुरक्षित बाजूचा, असे वाटायचे. कोपऱ्यासाठी ते खरेच आहे. स्लॅबच्या मध्यासाठी मात्र तो दाब म्हणजे मदत आहे, आणि मदत जास्त धरणे ही असुरक्षित बाजू झाली. त्याच मातीचा दाब सक्रिय अवस्थेचा (भिंत मातीपासून थोडी सरकल्यावर उरणारा), म्हणजे गुणांक एक तृतीयांश धरला, तर मध्यावर २९ च्या वर येतात. निम्मा धरला तर जवळजवळ ३२. म्हणजे २४ वर डिझाइन केलेला स्लॅब, पुढे कधी शेजारी पाइपलाइनसाठी चर खणला आणि बाजूची माती सैल झाली, की तिथल्या तिथे तिसरा हिस्सा जास्त मोमेंट घेऊ लागतो. अमेरिकेच्या महामार्ग-पुलांच्या आश्टो संहितेत नेमक्या याच कारणाने मदत करणारा मातीचा दाब निम्म्याने कमी धरण्याची तरतूद आहे. आम्ही ती आमच्या प्रत्येक कामात घेतो.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक छेदासाठी भारांची जुळणी वेगळी मांडली जाते. वरच्या स्लॅबचा मध्य : उभा भार जास्तीत जास्त, आडवा कमीत कमी. कोपरा : दोन्ही जास्त. भिंतीचा मध्य आतल्या अंगाने : आडवा जास्त, वर वाहन नाही, आत पाणी नाही. आणि भिंतीचा मध्य बाहेरच्या अंगाने, जो बहुतेक जण तपासतच नाहीत. उदाहरणातच बघा : बाजूचा दाब एक तृतीयांशावर धरला तर भिंतीच्या मध्यावरचा मोमेंट १ किलोन्यूटन-मीटरवर येऊन ठेपतो. त्यात वाहनाचा भार आला की चिन्ह बदलते आणि भिंतीच्या पूर्ण उंचीत बाहेरच्या अंगाला ताण येतो. म्हणून बाहेरची उभी सळई अर्ध्या उंचीवर तोडण्याची काटकसर आम्ही करत नाही. आत काठोकाठ पाणी असेल तेव्हा तर ती सळई लागतेच.

वाहनाच्या भारात मोठा फरक पडतो तो भरावातून भार किती पसरतो यावर. आयआरसीच्या (भारतीय रस्ते काँग्रेसच्या) ७०आर प्रकारातले ७० टनी रणगाडा-वाहन घ्या. प्रत्येक पट्टा ४.५७ मीटर लांब, ०.८४ मीटर रुंद, दोन्ही पट्टे मिळून एकूण रुंदी २.९ मीटर. २ मीटर भरावातून ४५ अंशांत पसरले तर भार सुमारे ५९ चौरस मीटरवर जातो आणि दाब ११.६ येतो. उभ्या दोनाला आडवे एक अशा उताराने पसरवले तर क्षेत्र ३२ चौरस मीटर आणि दाब २१.३. एवढ्या एका गृहीतकात भार जवळपास दुप्पट होतो! म्हणून कोणते पसरण धरले ते आम्ही गणिताच्या पहिल्याच पानावर लिहितो. भराव नसलेल्या बॉक्सचा प्रश्न वेगळा. तिथे स्लॅब थेट पुलाच्या स्लॅबसारखा वागतो, प्रभावी रुंदीचे (चाकाचा भार स्लॅबच्या जेवढ्या रुंदीवर वाटला जातो तिचे) सूत्र वापरावे लागते, आणि सळई ठरते ती चाक मोकळ्या काठाजवळ येते तेव्हा. काठावर भार एकाच बाजूला पसरू शकतो. हेडवॉल (बॉक्सच्या टोकाची भिंत) नसेल तर तिथे वेगळी काठाची तुळई द्यावी.

उंच भराव असेल तेव्हा वाहन बाजूला पडते आणि माती सगळे ठरवते. बॉक्स ताठ, त्याच्या बाजूचा भराव दबणारा. तो दबताना बॉक्सवरच्या मातीलाही खाली ओढतो, म्हणून वरच्या मातीच्या स्तंभाच्या वजनापेक्षा जास्त भार येतो. आश्टोत यासाठी १ अधिक ०.२ गुणिले भरावाची उंची भागिले बॉक्सची रुंदी असा गुणक आहे. बाजूचा भराव नीट दाबलेला असेल तर त्याची मर्यादा १.१५, नसेल तर १.४. ६ मीटर भरावाखाली आमचाच ३०० मिमीचा स्लॅब तपासू. हा गुणक न लावताही भार ११५.५. भिंतीच्या अंगापासून प्रभावी खोलीइतक्या (स्लॅबच्या दाबाच्या अंगापासून सळईपर्यंतच्या) अंतरावर, म्हणजे २४४ मिमीवर, कातर (स्लॅब उभा कापू पाहणारा जोर) १४५ किलोन्यूटन, सुरक्षेसाठी १.३५ ने गुणल्यावर १९६. एम ३० दर्जाच्या काँक्रीटचा एवढा स्लॅब कातरासाठीच्या रिंगांशिवाय ११० ते १३५ च्या आसपास कातर घेतो. मोमेंटसाठी सळई वाढवून भागते, कातरासाठी भागत नाही, जाडीच वाढवावी लागते. त्यामुळे उंच भरावाच्या बॉक्सला आम्ही पहिली जाडी कातरावरून ठरवतो आणि मग मोमेंटकडे वळतो. आधी उलटे करायचो आणि दर वेळी गणित पुन्हा पहिल्यापासून करावे लागायचे.

सॉफ्टवेअर आले तेव्हा काम वेगवान झाले, पण चुका नव्या जागी सरकल्या. सगळ्यात जास्त चुका खालच्या स्लॅबखालच्या स्प्रिंगांत (सॉफ्टवेअरमध्ये जमिनीच्या जागी दिलेल्या लवचीक आधारांत). हाताने करताना खालचा दाब एकसमान धरायचो. स्प्रिंगा दिल्यावर तो भिंतींखाली एकवटतो आणि स्लॅबच्या मध्यावर कमी होतो. जमीन जितकी कडक, तितके हे जास्त. आमच्या स्लॅबसाठी जमिनीचा स्प्रिंग गुणांक प्रति घनमीटर ५,००० किलोन्यूटन असेल तर स्लॅबची सापेक्ष लांबी (जमिनीच्या तुलनेत स्लॅब किती लवचीक ते सांगणारा आकडा) १.२ येते, १८,००० ला १.७, एक लाखाला २.५. ०.८ च्या खाली स्लॅब ताठ, ३.१ च्या वर लवचीक. आपण मध्ये कुठेतरी, म्हणजे दोन्ही टोकांची गृहीतके अपुरी. जमिनीचा हा गुणांक अंदाजाचाच असतो. म्हणून एका आकड्यावर न थांबता त्याच्या अर्ध्यावर आणि दुपटीवरही चौकट सोडवतो आणि प्रत्येक छेदाला जे वाईट ते घेतो.

स्प्रिंग देताना दोन गोष्टी हमखास राहतात. ०.३३ मीटर अंतराने स्प्रिंगा दिल्या तर मधल्या प्रत्येकीची ताठरता १८,००० गुणिले ०.३३, म्हणजे ५,९४०. टोकाच्या स्प्रिंगला सवयीने निम्मी दिली जाते. पण चौकट मध्यरेषेवरची आहे. तिच्या बाहेर भिंतीची अर्धी जाडी, १५० मिमी, जमिनीवर टेकलेलीच असते. टोकाला ०.१६५ अधिक ०.१५ मिळून ०.३१५ मीटर धरायला हवे, म्हणजे ५,६७०. निम्मी दिली की भिंतीखालची जमीन मऊ ठरते आणि भार आपोआप स्लॅबच्या मध्याकडे ढकलला जातो. दुसरी गोष्ट : माती ओढत नाही. एकाच बाजूला वाहनाचा वाढीव दाब असेल (आम्ही १.२ मीटर मातीइतका धरतो), किंवा भराव एकाच बाजूने चढत असेल, तेव्हा एखादी स्प्रिंग ताणात जाऊ शकते. ती काढून चौकट पुन्हा सोडवावी लागते, ताणातली एकही स्प्रिंग शिल्लक न राहीपर्यंत.

निकाल आल्यावर तीन तपासण्या, त्याशिवाय गणित पुढे जात नाही. स्प्रिंगांच्या प्रतिक्रियांची बेरीज एकूण उभ्या भाराइतकी आहे का. सममित भाराखाली दोन्ही बाजूंचे कोपरे सारखे आहेत का. आणि जमिनीचा दाब एकसमान देऊन केलेले सोपे गणित वरच्या 'भागिले २४' च्या सूत्राशी जुळते का.

पाण्याकडे आमचे लक्ष उशिरा गेले. बॉक्स दोन्ही टोकांना उघडा, मग तो तरंगेल कसा, असे वाटायचे. पण काम चालू असताना टोके बंद करून पाणी उपसतात, आणि भुयारी मार्गाचा बॉक्स तर कायमच कोरडा ठेवायचा असतो. उदाहरणातल्या बॉक्सचे बाहेरचे माप ३.६ गुणिले ३.६, विस्थापित पाणी सुमारे १३० किलोन्यूटन, काँक्रीटचे वजन ९९. भराव नसताना तो तरंगतो. वर २ मीटर भराव आला की बुडालेल्या मातीचे (प्रति घनमीटर १० धरून) ७२ मिळतात आणि सुरक्षा गुणक १.३२ होतो. त्यामुळे माथ्यावर ठरावीक भराव येईपर्यंत उपसा आणि पाण्याची पातळी यांची अट नकाशावर लिहिणे आता आमच्याकडे सक्तीचे आहे.

सळईचे बोलायचे तर जीव कोपऱ्यात असतो. बाहेरची सळई स्लॅबमधून भिंतीत अखंड वळलेली हवी, लॅप (दोन सळ्यांचा जोड) कोपऱ्यात कधीच नको; तो मोमेंट कमी असलेल्या ठिकाणी, गाळ्याच्या पाव अंतरापलीकडे न्यावा. आतली सळई मात्र कोपऱ्यात वळवायची नाही. आत पाण्याचा दाब असला की कोपरा उघडू पाहतो, वळलेली सळई सरळ होऊ पाहते आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) फोडून बाहेर येते. ती सरळ पलीकडच्या अंगापर्यंत नेऊन तिथे अडकवावी आणि १५० गुणिले १५० च्या हाँचमध्ये (आतल्या कोपऱ्यातल्या तिरक्या जाडीत) तिरकी सळई वेगळी द्यावी. मातीच्या अंगाला आम्ही ५० मिमी कव्हर ठेवतो. भेगेची रुंदी साधारण परिस्थितीत ०.३ मिमी, आक्रमक पाणी असेल तर ०.२, आणि भेग आटोक्यात ठेवायला जाड सळ्या लांब लांब देण्यापेक्षा १२ मिमी १५० वर (७५४ चौरस मिमी) केव्हाही चांगली. भिंतीचा सांधा खालच्या हाँचच्या वर १५० मिमीच्या किकरवर (खालच्या स्लॅबबरोबरच ओतलेल्या भिंतीच्या तळपट्टीवर) घ्यावा, हाँचच्या मुळाशी नाही.

दोन किंवा तीन गाळ्यांच्या बॉक्समध्ये मधल्या भिंतीवरचा वरच्या अंगाचा ताण सगळ्यात मोठा असतो, आणि एकाच गाळ्यावर वाहन असताना मधली भिंतही वाकते. ती नुसत्या खांबासारखी धरू नये. तिरप्या मोरीत कोन २० अंशांच्या आत असेल तर काटकोनातला छेद पुरतो. त्यापुढे टोकांच्या पट्ट्यांचे गणित स्वतंत्र करतो.

नकाशावर सगळ्यात शेवटी आलेल्या टिपा भरावाच्या आहेत, आणि साइटवरून सर्वांत जास्त फोन त्यांच्याबद्दलच येतात. वरचा स्लॅब पूर्ण ताकदीला येण्याआधी बाजूला भराव नको, कारण माथ्याला आधार नसलेली भिंत खालून उभ्या कॅन्टिलिव्हरसारखी वागते, आणि तिच्या मुळाशी तेवढी सळई दिलेलीच नसते. भराव दोन्ही बाजूंनी २५० मिमीच्या थरांत, दोन्हीकडच्या पातळीत ६०० मिमीपेक्षा जास्त फरक नको. भिंतीलगत एक मीटरपर्यंत हाताने चालवायचा छोटा कॉम्पॅक्टर. मोठा कंपन रोलर तिथे नेला की डिझाइनमध्ये नसलेला आडवा दाब भिंतीत कायमचा अडकून बसतो. माथ्यावर ६०० मिमी दाबलेला थर झाल्याशिवाय भरलेला डंपर जाऊ द्यायचा नाही.

या टिपांच्या शेजारी आता एक छोटा तक्ता असतो : गृहीत भराव किती, मातीचा फाय आणि वजन किती, पाण्याची पातळी कुठे, जमिनीचा गुणांक कोणत्या मर्यादेत, वाहन कोणते. खोदाई झाल्यावर खाली मुरूमाऐवजी कातळ लागला, किंवा रस्त्याची पातळी अर्ध्या मीटरने वाढली, तर पीसीसी (तळाचे साधे काँक्रीट) टाकण्याआधी तो तक्ता आमच्याकडे परत पाठवायचा. बदललेल्या आकड्यांवर चौकट पुन्हा सोडवायला आम्हाला एक दिवस लागतो.