एक जागा, व्हरांड्यात २२ जण

आज रिसर्च असोसिएटच्या, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन प्रकल्पावर मिळणाऱ्या नोकरीच्या, मुलाखतीला जाऊन आले. शेजारी नांदेडहून रात्रभर एसटीनं आलेली एक मुलगी. थिसिसची बांधीव प्रत ओढणीत गुंडाळून मांडीवर धरलेली, पावसानं भिजू नये म्हणून. पगार ५८ हजार अधिक घरभाडं, म्हणजे २०२३ पासूनचा दर. पण नेमणूक प्रकल्प संपेपर्यंतच, आणि हा ११ महिन्यांत संपतोय! एवढ्यावर कुणी घर कसं हलवायचं? जाहिरातही संकेतस्थळाच्या कुठल्याशा कोपऱ्यात, मुदत जेमतेम १५ दिवस. मला खरंच वाईट वाटलं. बाहेर चहा घेताना आम्ही नंबर घेतले. जिला पुढची जाहिरात आधी दिसेल, तिनं दुसरीला लगेच पाठवायची. तिची गाडी साडेसहाची होती.