खंडाची वही आणि सहा टोकांचा तारा

मी आयर्लंडच्या पश्चिमेला एका दप्तरखान्यात जुने कागद लावायचं काम करते. आई नातेवाइकांना "रद्दीची नोकरी" असं सांगते, आणि ते अगदीच चूक नाही. 1922 साली डब्लिनचं सरकारी अभिलेखागार जळालं, त्यात शतकांची मृत्युपत्रं आणि जनगणनेचे तक्ते गेले. म्हणून इथे कुणा जमीनदाराच्या माळ्यावरून खोकी उतरली की आम्हाला सणच.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी अशी अकरा खोकी आली. गॉल्वे परगण्यातलं घराणं. नाव सांगत नाही, वंशज आहेत. थोरल्याला जमीन, धाकट्यांना फौज, हा एकोणिसाव्या शतकातला इथला ठरलेला रिवाज.

तिसऱ्या खोक्यात खंडाची वही निघाली. लाल कातडी पाठीची, कडेला कसरीने खाल्लेली. कुळाचं नाव, जमीन, खंड, थकबाकी असे रकाने. खंड मे आणि नोव्हेंबरमध्ये भरायचा, आणि कूळ जाणूनबुजून सहा महिने मागे ठेवलेलं असे. म्हणजे बिचारं कायम देणेकरी, मालकाच्या मनात आलं की बाहेर. माझे आजोबा कूळ होते, कुळकायद्यात त्यांच्या नावावर तीन एकर झाली. त्यामुळे असले रकाने मी जरा वेगळ्या डोळ्यांनी वाचते, हे कबूल करते.

1845 च्या शरदात बटाट्यावर रोग पडला, पुढच्या वर्षी तर पीक जवळजवळ पूर्णच गेलं. वहीत ते दिसतं. अक्षर तेच, कारभाऱ्याचं, बारीक आणि नेटकं. फक्त थकबाकीचा रकाना फुगत जातो आणि नावांपुढे "गरीब", "अमेरिकेला गेला", "घर पाडलं" असे शेरे येतात. मी चाळत होते. मे 1846 च्या पानावर कुळांच्या यादीच्या मधोमध एक नोंद आली: धाकट्या साहेबांच्या कॅप्टनकीसाठी, 1,100 पौंड.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: 1871 पर्यंत ब्रिटिश पायदळात अफसराचा हुद्दा विकत मिळायचा. लेफ्टनंटची सरकारी किंमत 700 पौंड, कॅप्टनची 1,800, म्हणून मधला फरक 1,100. वरकड भाव वेगळा, तो कुणी वहीत लिहीत नसे. त्या पानावरच्या कुळांचा खंड साधारण वर्षाला पाच पौंड. मी पेन्सिलीने कागदाच्या कडेला भागाकार केला. 220 घरांचा वर्षभराचा खंड.

नवव्या खोक्यात त्या धाकट्या साहेबांची पत्रं होती. टपाल वजनावर, म्हणून कागद आडवा भरला की उभा फिरवून त्याच ओळींवरून पुन्हा लिहायचं. वाचताना डोळ्यांना मुंग्या येतात. पत्रांखाली औषधाच्या गोळ्यांची एक डबी, आणि त्यात कापसावर काळपट झालेला सहा टोकांचा तारा. मध्ये चांदीचा छोटा तारा, मागे कोटाला अडकवायचा आकडा. आमच्या प्राथमिक यादीत त्याला "शोभेचा दागिना, पितळी" म्हटलं होतं. शेजारच्या टेबलावरचा नवा मुलगा उत्साहाने ब्रासो आणायला उठला, त्याला मी ओरडूनच बसवलं.

चांदीच्या ताऱ्यावर लिहिलं होतं: महाराजपूर, 29 डिसेंबर 1843.

त्या वर्षी ग्वाल्हेरचे राजे जनकोजीराव शिंदे वारले, मागे बारा-तेरा वर्षांच्या ताराबाई आणि दत्तक जयाजीराव. दरबारातल्या भांडणाचं निमित्त करून इंग्रज ग्वाल्हेरवर चालून गेले. सेनापती लिमरिकचा, ह्यू गॉफ. महाराजपूरच्या लढाईत मराठे पळतील असा त्याचा अंदाज होता. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, तिथेच मेले. पन्नासहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. त्यांचं काही कासं कलकत्त्याच्या टांकसाळीत गेलं आणि त्यातून हे तारे, लढलेल्यांना द्यायची पदकं म्हणून, ओतले.

मी तो हातमोज्यांतून तळहातावर घेतला. लहान आहे, पण जड.

पुढे गॉफला उमराव केलं तेव्हा त्याच्या किताबात महाराजपूर हे गावही घातलं. पार्लमेंटने वर्षाला 2,000 पौंड दिले, कंपनीने तेवढेच वेगळे. आमच्या ऑफिसपासून तासाभरावर, गोर्टजवळ लॉक कुट्रा हा किल्ला आहे. दुष्काळात त्याचा मालक कर्जात बुडाला, आणि तो 1850 च्या दशकात गॉफने घेतला. जवळची कूल नावाची जहागीर तर त्याच्याही आधी, 1768 मध्ये, हिंदुस्थानातून पैसा करून आलेल्या एका ग्रेगरीने घेतलेली. इकडच्या हिरव्या कुरणांकडे बघून हे कुणाला सुचत नाही.

दुपारी खोकी देणाऱ्या बाई आल्या, पंच्याऐंशीच्या, काठी टेकत. ताऱ्याची गोष्ट सांगितली तर हसल्या. "अहो, आम्ही लहानपणी तो लावून शेरीफ-शेरीफ खेळायचो. आकडा माझ्या भावाने वाकवला." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तोफा कुणाच्या होत्या म्हणालात?" मी दोनदा सांगितलं. त्यांनी पर्समधल्या पाकिटावर लिहून घेतलं.

खरी अडचण संध्याकाळी आली. नियम असा की वस्तू संग्रहालयाला, कागद आम्हाला. आमच्या ऑफिसच्या साहेबीणबाईंचं म्हणणं, तारा उद्याच जाईल. मी म्हटलं, खंडाने अफसर विकत घेतला आणि अफसराने तारा आणला, हे एकाच हिशेबाचे दोन कागद आहेत, तोडू नका. "तारा 1843 चा, नोंद 1846 ची," त्यांनी शांतपणे दाखवून दिलं. बरोबर होतं. पण लेफ्टनंटकीसुद्धा कुणी फुकट दिली नव्हती. मी खंडाच्या वहीत मागे मागे जात राहिले. सव्वासात वाजता 1839 च्या नोव्हेंबरात ती सापडली, 250 पौंड, खालच्या हुद्द्यावरून वर चढण्याचा फरक.

तारा तरीही गेला. मात्र नोंदीत "साहित्य" या रकान्यात "पितळ" खोडून "कासं, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या तोफांचं" लिहायला मिळालं, आणि खाली दोन्ही पानांचे क्रमांक. दुसऱ्या दिवशी संग्रहालयातून फोन आला: शिंदे म्हणजे सिंदियाच ना, मग आम्ही एकच स्पेलिंग ठेवू का?

म्हटलं, दोन्ही ठेवा.