आत्याच्या ओव्या आणि ध्वनिफायलींची स्वरूपे : माझा अनुभव

अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावी आत्याने जात्यावर म्हटलेल्या ओव्या काही कॅसेटवर, तर काही एका जुन्या बटणांच्या मोबाइलमध्ये साठवलेल्या होत्या. त्या घरातल्या सर्वांना ऐकता याव्यात, म्हणून मी हे काम हाती घेतले.

मोबाइलमधल्या फायली एएमआर स्वरूपाच्या असल्याने चुलतभावाच्या नव्या फोनवर उघडत नव्हत्या. नावाच्या शेवटी एमपी३ लिहून पाहा, असे काहींनी सुचवले. परंतु नाव बदलल्याने फायलीची आतली रचना बदलत नाही. संगणकावरील व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये त्या लगेच वाजल्या, कारण बहुतेक स्वरूपे उलगडणारे कोडेक त्यातच दिलेले असतात. मात्र 'स' आणि 'श' यांतला फरक कानाला कळत नव्हता आणि जात्याची घरघर तुटक येत होती. एएमआर हे फोनवरच्या बोलण्यासाठी घडवलेले स्वरूप. त्याच्या साध्या प्रकारात सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने (मोजमापे) घेतले जातात आणि साधारणपणे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज टिकतो. 'स'मधला सीत्कार बराचसा त्याच्या वर राहतो आणि जात्याचा खर्ज त्याच्या खाली. जे गळाले ते कोणत्याही रूपांतराने परत येत नाही, तरीही त्या मूळ फायली मी जशाच्या तशा जपल्या आहेत.

कॅसेटच्या बाबतीत निवड आपल्या हाती असते. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या जागेतून वायर संगणकाला जोडली आणि ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या मोफत प्रोग्राममध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, या सीडीच्या दर्जाने ध्वनिमुद्रण केले. आत्या वरच्या पट्टीत गेली तरी आवाज फाटू नये, म्हणून पातळी मुद्दाम कमी ठेवली. तासाभराची स्टिरिओ वेव्ह (न आकसलेल्या ध्वनीची) फाइल सुमारे ६३५ एमबी होते. फ्लॅक या आकसणाऱ्या स्वरूपात ती बरीच आटोपशीर होते आणि मूळ ध्वनीतले काहीही गमावत नाही, त्यामुळे जतनासाठी मला तेच योग्य वाटले.

आत्याचा पेन ड्राइव्हवर चालणारा छोटा स्पीकर मात्र फ्लॅक वाजवत नाही. तिच्यासाठी थेट फ्लॅकवरूनच १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिटच्या) एमपी३ प्रती काढल्या. तासाला जेमतेम ५८ एमबी. पेन ड्राइव्ह फॅट३२ या, बहुतेक साधनांना वाचता येणाऱ्या पद्धतीने फॉरमॅट केला. तो स्पीकर फायली कॉपी झालेल्या क्रमानेच वाजवतो, त्यामुळे पहाटेच्या ओव्या आधी याव्यात म्हणून त्या एकेक करून क्रमवार भरल्या.