कोचचा वाटा किती? सोलापूरच्या सिमेंट कोर्टवरचा हिशोब

बास्केटबॉलची जिल्हास्तरीय शालेय फायनल जिंकली की पोरं सरांना उचलून घेतात. हरली की पालक गाडीला किक मारता मारता म्हणतात, "सरांनी टाइम-आउट घ्यायलाच उशीर केला." दोन्ही वेळा नजर मॅचवरच असते. माझ्या मते मॅचच्या दिवशी कोचचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी असतो. त्याआधीच्या उन्हाळ्यात मात्र तो इतका असतो की कुणी मोजतच नाही.

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिथलं एक उदाहरण घेऊ, तिथले आकडे स्वच्छ आहेत. गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाने 2013-14 मध्ये 82 पैकी 51 सामने जिंकले. पुढच्या मोसमात स्टीव्ह कर कोच झाला. मुख्य खेळाडू जवळपास तेच, पण विजय 67 आणि वर विजेतेपद. एकाच्या हातात अडकणारा बॉल फिरायला लागला. आंद्रे इग्वोडालासारखा अनुभवी खेळाडू बेंचवरून येऊ लागला. फायनलमध्ये 1-2 असं मागे पडल्यावर करने उंच सेंटर बोगटऐवजी त्याच इग्वोडालाला पहिल्या पाचांत घेतलं आणि मालिका 4-2 ने खिशात घातली. आता दुसरी बाजू. 2019-20 मध्ये कोच तोच, पण स्टार खेळाडूंपैकी करी जवळपास पूर्ण मोसम जखमी, थॉम्पसन बाहेर, ड्युरँट संघ सोडून गेलेला. निकाल: 15 विजय, 50 पराभव. आणि 2015-16 च्या सुरुवातीला कर पाठीच्या दुखण्यामुळे बेंचवर नव्हता, तेव्हा सहायक ल्यूक वॉल्टनच्या हाताखाली याच संघाने 43 पैकी 39 सामने जिंकले होते. घडी एकदा बसली की काही काळ ती कोचशिवायही चालते, खेळाडूंशिवाय नाही.

पण करला तयार शूटर मिळतात. सोलापुरात सातवीतल्या पोराला डाव्या हाताने ले-अप (पळत जाऊन रिंगजवळून टाकायचा शॉट) सरांनीच शिकवायचा असतो. म्हणून इथे कोचचा वाटा एनबीएपेक्षा मोठा.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, कोर्ट उघडं आणि सिमेंटचं. म्हणजे हातात सकाळचे 6 ते 7:30, फक्त 90 मिनिटं. त्यातून दर वीस मिनिटांनी पाणी. आता गणित करा. बारा पोरं एका रांगेत, एक रिंग, दर 5 सेकंदांना एक ले-अप. 10 मिनिटांत 120 शॉट, प्रत्येकाच्या वाट्याला 10. तीच पोरं तीन-तीनच्या चार गटांत, प्रत्येक गटाला एक बॉल, दोन्ही रिंगना दोन्ही बाजूंनी: 480 शॉट, प्रत्येकी 40. बॉल चारच लागतात. रांगेत उभं राहून गप्पा मारणारी पोरं दिसली की समजावं, मोसम तिथेच निसटतोय.

फ्री थ्रोचंही (फाउलनंतर मिळणारा, कुणी न अडवता मारायचा शॉट) तसंच. सुरुवातीला ताज्या पायांनी सलग वीस मारले की आकडा छान येतो, मॅचमध्ये येत नाही. कारण मॅचमध्ये धाप लागलेली असते आणि शॉट बहुतेकदा दोनच मिळतात. म्हणून कोर्टच्या दोन फेऱ्या पळवायचं, दोन शॉट घ्यायचे, पुन्हा पळवायचं.

आपल्याकडची एक खास अडचण: एकाच टीममध्ये घरी तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणारी पोरं. एरवी त्याने काही बिघडत नाही, पण डिफेन्समध्ये कुणी काय ओरडायचं हे ठरलेलं नसेल तर सगळेच गप्प राहतात आणि स्क्रीनवर, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या समोरच्या खेळाडूवर, आपटतात. "बॉल", "हेल्प", "कट", "स्क्रीन लेफ्ट", "स्क्रीन राइट" एवढे शब्द पक्के केले तरी पुरतं.

शालेय मॅच सर्वांत जास्त फुटतात त्या फुल कोर्ट प्रेसवर, म्हणजे समोरचे पूर्ण कोर्टभर अंगावर येऊन अडवतात तेव्हा. बॉल मिळालेलं पोर घाबरून कोपऱ्यात ड्रिबल करतं, तिथे दोघं अडवतात, आणि नियमाच्या 8 सेकंदांत कोर्टची मधली रेषा ओलांडता येत नाही. उपाय जुनाच आहे: एक उंच खेळाडू मधोमध उभा करायचा, पहिला पास त्याला, तिथून पुढे. हे टाइम-आउटच्या एका मिनिटात शिकवता येत नाही. आधी घोटलेलं असेल तर आठवण तेवढी करून देता येते.

टाइम-आउटचा नियमही बऱ्याच जणांना नीट माहीत नसतो. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन. पहिल्यातले उरले तर पुढे जात नाहीत. शेवटच्या दोन मिनिटांत दोनच घेता येतात, म्हणजे तीन साठवून ठेवणाऱ्याचा एक फुकट जातो. खेळाडूने मागून मिळत नाही, कोच किंवा पहिल्या सहायकाने टेबलाकडेच मागावा लागतो. तो मिळतो घड्याळ थांबून बॉल डेड झाल्यावर (खेळ थांबल्यावर), किंवा समोरच्याने बास्केट केल्यावर. समोरच्याचा फास्ट ब्रेक (बॉल हिसकून वेगाने केलेली चढाई) चालू असताना सर कितीही ओरडले तरी उपयोग शून्य.

फाउलचा हिशोब बेंचवर कुणीतरी ठेवलाच पाहिजे. क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. तरी आपलं पोर अर्ध्या कोर्टवर उगाच बॉलला हात घालतं. टीमचे चार झालेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, आणि हा दोष शंभर टक्के बेंचचा.

स्टँडमध्ये बसणाऱ्या पालकांनी एक वही आणावी. क्वार्टरनुसार तीन रकाने: टर्नओव्हर (शॉट न मारताच समोरच्याकडे गेलेला बॉल), चुकलेले ले-अप, चुकलेले फ्री थ्रो. ले-अप सुरुवातीपासूनच चुकत असतील तर सरांना रोजच्या सरावाचं वेळापत्रक विचारा. तिसऱ्या क्वार्टरनंतर टर्नओव्हर वाढत असतील तर बदली खेळाडूंना किती मिनिटं मिळाली ते विचारा. तिन्ही रकाने बरे दिसत असूनही टीम हरली, तर समोरची पोरं उंच होती आणि चांगली खेळली. सरांना त्या दिवशी सोडून द्या.