लांब, बुटका साइडबोर्ड सुताराकडून करून घेताना

साइडबोर्ड म्हणा की बुफे, म्हणजे काचसामान ठेवायचं लांब, बुटकं कपाट; आपल्याकडचे सुतार त्याला सरसकट 'क्रोकरी युनिट' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. क्रोकरी युनिट म्हटलं की वर काचेचं कपाट, आत दिवे, कडेला सोनेरी पट्टी हे सगळं न सांगता येतं. 1950 च्या दशकात डेन्मार्कमध्ये आर्ने वोडर, हान्स वेग्नर वगैरे डिझायनर मंडळींनी केलेले साइडबोर्ड नेमके याच्या उलटे. लांब पेटी, बारीक पाय, सरकती दारं, सागाचं विनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) आणि हँडलऐवजी दारातच कोरलेली खोबण.

दिसायला सोपं आहे, करायला नाही. बीडिंगच्या पट्टीखाली चार-पाच मिमीची चूक सहज दडते. इथे पट्टीच नसते. कडेची फट वर 2 मिमी आणि खाली 4 मिमी झाली की सोफ्यावर बसल्याबसल्या दिसते.

उदाहरणापुरतं एक माप धरू: लांबी 1650 मिमी, खोली 420, पेटीची उंची 570, पाय 180. एकूण उंची 75 सेंमी, म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या बरोबरीची. पाय 150 च्या खाली नेऊ नका, लादी पुसायला हात आत जात नाही.

पेटीला 18 मिमी बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा) प्लाय पुरतो. मागच्या भिंतीला ओल येत असेल तर त्याहून पाणीरोधक बीडब्ल्यूपी घ्या. भरीव सागाचा हट्ट काही घरांत असतो, तो सोडलेला बरा. 42 सेंमी रुंदीची भरीव फळी मे ते ऑगस्टच्या दरम्यान दोन-तीन मिमी सहज फुगते आणि कोपऱ्याचे जोड उघडते. डॅनिश कारखान्यांनीही पेट्या बहुतेक विनिअरच्याच केल्या. भरीव लाकूड पाय, कडांच्या पट्ट्या आणि खोबणींपुरतं ठेवा.

विनिअरची शीट 8 × 4 फूट, म्हणजे 2440 × 1220 मिमी. या कामाचा अर्धा देखणेपणा कापणीतच ठरतो. वरच्या फळीवरून रेषा तशाच वळून बाजूवर उतरायला हव्या असतील, तर कोपरा 45 अंशांत जोडावा लागतो आणि पट्टी एकसंध लागते. 1650 अधिक दोन बाजूंचे 1140 मिळून होतात 2790, ते शीटमध्ये बसत नाही. एकाच बाजूला वळवलं तर 2220 लागतात, ते बसतं. दोन्ही बाजूंना हवंच असेल तर 8 फुटी शीटमध्ये साइडबोर्डची लांबी साधारण 1280 वर थांबते. भिंतीला टेकणारी किंवा कमी दिसणारी बाजू कोणती ते ठरवून दुसरीकडे वळवा. त्याच शीटच्या उरलेल्या रुंदीतून दोन्ही दारं शेजारीशेजारी काढायची. कापण्याआधी मागच्या बाजूला पेन्सिलीने क्रमांक आणि बाण काढायला सांगा. हे राहिलं की एका दाराच्या रेषा हमखास उलट्या लागतात आणि ते पॉलिश झाल्यावरच कळतं.

आता लांबीचा मुद्दा. फळीवर सारखं वजन असेल तर तिची झोळ अंतराच्या चौथ्या घाताने वाढते. 80 सेंमीऐवजी 120 सेंमी आधाराविना ठेवली तर झोळ दीडपट होत नाही, पाचपट होते. म्हणून मध्ये एक उभा पडदा, म्हणजे आधाराची उभी फळी, द्यायचा, दोन्हीकडे साधारण 79 सेंमीचे खण होतात. आतल्या फळीच्या पुढच्या कडेला 40 मिमी उंचीची सागाची पट्टी उभी लावा, नाहीतर काचसामानाने वर्षभरात फळी पोट काढते.

तळालाही तेच लागू. फक्त चार कोपऱ्यांत पाय दिले तर तळ मधोमध झुकतो, दारं आत कलतात आणि एका कोपऱ्यावर घासत सरकतात. पडद्याच्या बरोबर खाली, कडेपासून आत घेऊन, आणखी दोन पाय द्या. ते फिरवून उंची बदलता येईल असे घ्या. समोरून दिसत नाहीत. बाकीचे चार पाय वर 40 आणि खाली 25 मिमी निमुळते ठेवा आणि टोकाला नायलॉनची टोपी बसवा. लाकडाची आडवी कापलेली टोकं पुसण्याचं पाणी शोषतात आणि तिथून पॉलिश काळं पडतं.

दारांवर मात्र वेळ घालवा. 9 मिमी प्लाय, पुढे 4 मिमी विनिअर आणि मागे स्वस्तातलं चालेल पण तेवढ्याच जाडीचं दुसरं विनिअर, एकूण 17 मिमी. मागे नुसता 0.8 चा सनमायका लावला तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही, दार धनुष्यासारखं वाकतं आणि दुसऱ्या दाराला घासतं. दारं ज्यांत सरकतात त्या खाचा 18.5 मिमी रुंद. खालची 6 मिमी खोल, वरची 12. दाराची उंची म्हणजे आतली मोकळी उंची अधिक 10 मिमी. दार वर उचललं की 10 मिमी वर शिरतं, खालची कड मोकळी होते, पुढे ओढलं की दार हातात. बसल्यावर वर 4 मिमी पकड उरते. सुतार बऱ्याचदा दोन्ही खाचा सारख्याच मारतो आणि मग दार बसवायला माथा उघडावा लागतो. रुंदी प्रत्येकी सुमारे 815, म्हणजे मध्ये 25 मिमी एकमेकांवर येतात. दार उंचीपेक्षा रुंद असलं की सरळ चालतं, उंच-अरुंद दार तिरकं होऊन अडकतं. दोन खाचा, मधली कड आणि पुढचा काठ मिळून 50 मिमी जातात, म्हणून मधला पडदा तेवढा मागे घ्या. आत 36 सेंमी खोली उरते: बारा इंची ताट बसेल, परात नाही.

पॉलिश करताना खाचांना मास्किंग टेप लावलीच पाहिजे. आत पॉलिशचे दोन-तीन हात चढले की दीड मिमीची मोकळीक संपते आणि दोष पावसाळ्यावर जातो. विनिअरचा खरा साग जेमतेम अर्धा मिमी असतो, तेव्हा कडांवर सँडिंग मशीन नको. 180 आणि मग 320 चा कागद हातानेच, रेषेच्या दिशेने. माथ्यावर गरम भांडी येणार असतील तर मेलामाइन पॉलिशपेक्षा पीयू (पॉलियुरेथेन) बरं, तरी खाली काहीतरी ठेवायचंच. रंग चढवून 'वॉलनट' करू नका, साग पहिल्या काही महिन्यांत आपसूक गडद होतो. माथ्यावर एकाच जागी फुलदाणी ठेवली तर तिच्या तळाचं फिकट वर्तुळ तेवढं उमटतं.