म्युलर आडनाव: कामाची ताजी नोंद

जर्मन आडनावांच्या आपल्या अभ्यासात मायर संपवून म्युलर हातात घेतलं होतं, ते आता सांगण्याजोगं झालंय. जर्मनीत सगळ्यात जास्त लोकांचं आडनाव हेच. शंभरात जवळपास एक माणूस म्युलर. स्वित्झर्लंडमध्येही पहिला नंबर म्युलरचाच, ऑस्ट्रियात मात्र ग्रूबर पुढे. अर्थ उघड आहे, म्युलर म्हणजे धान्य दळून देणारा गिरणीवाला. अर्थ उघड असल्यामुळेच आपल्यातले बरेच जण या नावाच्या वाटेला जात नाहीत. पण इतकं चालणारं आडनाव नेमकं गिरणीवाल्याचंच का, हा प्रश्न मला सुटत नव्हता. शेतकरी तर त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त होते.

उत्तर गावाच्या रचनेत आहे. जर्मन प्रदेशात आडनावं बाराव्या शतकापासून आधी शहरांत आणि मग हळूहळू खेड्यांत रुजली. चार योहानांतला नेमका कोणता, हे कळावं म्हणून ती आली. जिथे घरोघर शेती, तिथे ‘शेतकरी योहान’ म्हणून कोण ओळखू येणार? गिरणी मात्र गावात एक, कधी दोन-तीन गावांत मिळून एक. ‘गिरणीवाला योहान’ म्हटलं की विषय संपला. आणि हे प्रत्येक खोऱ्यात, प्रत्येक ओढ्याकाठी स्वतंत्रपणे घडत होतं. म्हणून दोन म्युलर भेटले तर त्यांचा मूळपुरुष एक असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतोच. वंशावळी जुळवणाऱ्यांनी ही गोष्ट आधी पक्की करून घ्यावी.

पाणचक्की बांधायला ओढा अडवायचा, पाट काढायचा, दगडी जाती आणायची. हे सगळं जमीनदाराच्या किंवा मठाच्या पैशानं व्हायचं. मग त्या भागातल्या कुळांनी त्याच गिरणीत दळण न्यायचं असं बंधन यायचं. प्रशियात ते १८१० मध्ये उठलं. गिरणीवाल्याची मजुरी बहुधा दळणातूनच कापली जायची, त्यामुळे हा मापात मारतो हा संशय त्याच्या पाचवीला पुजलेला. काही भागांत गिरणीवाल्याला ‘हलका’ मानून त्याच्या मुलांना कारागिरांच्या संघात घेत नसत. विणकर, न्हावी, मेंढपाळ, गिरणीवाले यांच्या मुलांना संघांची दारं बंद करू नयेत, असा नियम पवित्र रोमन साम्राज्याला (तेव्हा जर्मन प्रदेश त्यातच होता) १५४८ मध्ये काढावा लागला. ज्या धंद्याकडे लोक असे तिरक्या नजरेनं पाहत होते त्याच धंद्याचं नाव आज देशात पहिलं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता नकाशा. आधार घेतला तो ‘जर्मन आडनावांचा अ‍ॅटलस’ या सात खंडी कामाचा (२००९ ते २०१८). त्यातले नकाशे २००५ च्या घरगुती टेलिफोन जोडण्यांवरून काढलेले आहेत. मी भिंतीवर एक मोठा कोरा नकाशा लावून त्यावर म्युलरची भावंडं वेगवेगळ्या रंगांत भरत गेलो. उत्तरेला श्लेस्विग-होल्श्टाइन, हांबुर्ग, मेक्लेनबुर्ग इथे म्योलर, कारण तिथली बोली लो जर्मन, म्हणजे उत्तरेच्या सखल भागातली जर्मन. नेदरलँड्सच्या बाजूला सरकलं की मुल्डर. ऱ्हाइनच्या खालच्या अंगाला शेवटी ‘स’ लागलेला म्योल्डर्स. दक्षिणेत म्युलनर भेटतो आणि त्यात मूळचा ‘न’ शिल्लक आहे. मध्ययुगीन जर्मनमध्ये हा शब्द म्युलनर असाच होता, त्याच्या मागे उशिराच्या लॅटिनमधला मोलिनारियुस. पुढे ‘लन’चा ‘ल्ल’ झाला आणि आजचं रूप तयार झालं.

बव्हेरियन श्वाबियात आणि आल्गॉयमध्ये मिलर सापडतो. हा इंग्रजी मिलर नव्हे बरं का. दक्षिणेकडच्या बोलींत ‘यु’चा उच्चार ‘इ’कडे झुकतो, तसाच तो लिहिला गेला. म्युनिकचं डॉइचेस म्युझियम १९०३ मध्ये उभं करणारे ओस्कर फॉन मिलर हे अस्सल बव्हेरियन. अमेरिकेत गेलेल्या असंख्य म्युलरांचे मात्र खरोखरच इंग्रजी वळणाचे मिलर झाले, त्यामुळे तिथल्या मिलरचं मूळ नावावरून ठरवता येत नाही, कागदच बघावे लागतात.

सगळे रंग भरल्यावर दिसलं ते असं: म्योलरच्या मुलखातही म्युलर भरपूर आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकात उत्तरेत लिखाणाची भाषा म्हणून हाय जर्मन, म्हणजे दक्षिण-मध्य भागातली जर्मन आली, आणि पाद्री व कारकून मंडळी नोंद करताना बोलीतल्या म्योलरचा म्युलर करू लागली. म्हणजे हा पहिला नंबर नुसत्या गिरण्यांनी दिलेला नाही, त्यात लेखणीचाही वाटा आहे. श्मिट म्हणजे लोहार, त्या आडनावाच्या बाबतीत उलट झालं. श्मिट, श्मीड, श्मिट्स अशा रूपांत तो वाटला गेला आणि एकट्या रूपाची मोजणी केली की मागे पडतो. १८७६ च्या सुरुवातीला सगळ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली आणि ज्याचं जे स्पेलिंग होतं ते तिथेच गोठलं.

याच निमित्तानं मात्रिकुला या संकेतस्थळावर दक्षिण जर्मनीतल्या कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या चाळतोय. लॅटिनमधल्या नोंदींत ‘मोलिटोर’ आलं की थांबावं लागतं. तो धंदा आहे, आडनाव आहे, की पाद्र्यानं म्युलरचंच लॅटिन केलंय? एकच ओळ पाहून हे ठरत नाही. त्याच माणसाच्या पुढच्या मुलांच्या बारशाच्या नोंदी शेजारी ठेवायच्या. एकीकडे मोलिटोर, दुसरीकडे म्युलर आणि धंदा शिंपी असं दिसलं, की ते आडनाव समजायला हरकत नाही. बायकांच्या नावाला ‘इन’ लागतं, म्हणजे आन्ना म्युलरिन. ती म्युलर घरातली की गिरणीवाल्याची बायको, हा गुंता पुन्हा आहेच. अक्षराबद्दल सांगायचं तर कुर्रेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत ‘उ’वर एक छोटी कमान असते, तो ‘न’ वाटू नये म्हणून, आणि ‘यु’वर दोन बारीक रेघा. घाईत लिहिणाऱ्याच्या हातात त्या दोन रेघा एकमेकींत मिसळतात. अशा वेळी त्याच पानावरचे त्याच हातचे इतर शब्द काढून ताडून बघायचे, दुसरा उपाय नाही.

नाव इतकं पसरल्यावर माणसांना स्वतःची ओळख वेगळी करावी लागली, आणि या भागात मी सगळ्यात जास्त रमलो. १४३६ मध्ये जन्मलेला खगोलशास्त्रज्ञ रेगिओमोंटानुस हा मूळचा योहानेस म्युलर, खरोखरच एका गिरणीवाल्याचा मुलगा. नंतर तो ओळखला गेला त्याच्या क्योनिग्सबेर्ग गावाच्या लॅटिन नावानं. स्वित्झर्लंडच्या थुरगाउ कॅन्टनमधल्या हेरमान म्युलर या वनस्पतिशास्त्रज्ञानं आडनावापुढे थुरगाउ जोडलं. त्यानं १८८२ मध्ये तयार केलेल्या द्राक्षाच्या वाणाला आजही म्युलर-थुरगाउ म्हणतात. आपल्याकडे पाटील फार झाले की जाधव-पाटील, शिंदे-पाटील होतात, तशातलीच ही गरज.

आणि आपले मॅक्समुल्लर! देसाउ इथे १८२३ मध्ये जन्मलेले फ्रीडरिश माक्स म्युलर. म्युलर हे आडनाव फारच सामान्य आहे असं वाटून त्यांनी ‘माक्स’ हे नाव आडनावातच धरलं. ऋग्वेदाच्या आवृत्तीवर त्यांनी स्वतःला संस्कृतात ‘मोक्षमूलरभट्ट’ म्हणवलं, तिथेही दोन्ही शब्द एकत्रच. पुण्या-मुंबईत जर्मन शिकणारे ‘मॅक्समुल्लर भवन’ असं एका दमात म्हणतात, ते त्यांच्या इच्छेला धरूनच आहे.

पुढचं काम जोड-नावांचं. ओबरम्युलर आणि नीडरम्युलर, म्हणजे ओढ्यावरच्या वरच्या आणि खालच्या गिरणीचे. विंडम्युलर हा पवनचक्कीवाला. वाइसम्युलर पांढरं पीठ काढणारा, टारझनची भूमिका करणाऱ्या जलतरणपटू जॉनी वाइसमुलरचं घराणं याच नावाचं, बानाट या आजच्या रुमानिया-सर्बियाकडच्या प्रदेशातल्या जर्मनांपैकी. ही नावं थोड्याच ठिकाणी आढळत असल्यानं जुन्या नकाशावर प्रत्यक्ष गिरणी दाखवता येईल अशी मला आशा आहे. बव्हेरियाचे एकोणिसाव्या शतकातले जमीन-मोजणीचे नकाशे उघडून ओबरम्युलरपासून सुरुवात करतोय. कोणी श्मिट घेतला असेल तर त्यानं रंग ठरवताना मला कळवावं, म्हणजे दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून बघता येतील.