स्केचअपमध्ये ओटा काढताना

घराचं डिझाइन करायच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. तयार ट्रॉल्या ओढून भिंतीला लावल्या की त्यांच्यावर ओटा आपोआप येतो. मी आधी असंच एक मोफत सॉफ्टवेअर घेतलं होतं. सरळ ओट्यापर्यंत काहीच अडलं नाही. पण आमचं स्वयंपाकघर ठाण्यातल्या जुन्या इमारतीतलं. ओटा एल आकाराचा, आणि कोपऱ्यात चार इंच पुढे आलेला खांब. आपोआप आलेला ओटा खांबातून आरपार गेला. खांबाची खाच कापायला पर्यायच नव्हता. मी भिंतींची खरी मापं घातली, तर लांब बाजूच्या टोकाला ओटा आणि भिंत यांच्यामध्ये त्रिकोणी फट दिसायला लागली.

मला वाटलं, सॉफ्टवेअरच गडबडलंय. मिस्त्री आले, गुण्या लावून बघितला आणि म्हणाले, "ताई, भिंत गुण्यात नाही तुमची. कॉम्प्युटर काय करणार?"

त्यांनी लगेच खात्रीही करून दाखवली. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर. कोपरा काटकोनात असेल तर दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट यायला हवं. आमचं चार सूत जास्त आलं, म्हणजे अर्धा इंच. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब केला तर कोपरा ९० ऐवजी ९१ अंशांचा निघतो, आणि सात फूट लांब ओट्याच्या टोकाला हाच एक अंश जवळजवळ दीड इंचाची फट होऊन बसतो. दीड इंच डॅडोच्या टाइलमागे लपत नाही.

मग मी स्केचअपकडे वळले, म्हणजे थ्रीडी मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरकडे. तिथे ओटा आपोआप येत नाही, सगळं हाताने काढावं लागतं, आणि मला आता तेच हवं होतं. प्रोट्रॅक्टरने ९१ अंशांची मार्गरेषा टाकली आणि भिंती खरोखर जशा आहेत तशा काढल्या. तिरक्या भिंतीवर काम करताना पेन्सिल सारखी मूळच्या लाल-हिरव्या अक्षांच्या दिशेकडे ओढ घेते. त्यावर अक्ष फिरवायचं ॲक्सेस (Axes) टूल कामाला आलं. अक्ष त्या भिंतीला जुळवून घेतले की तीच भिंत सरळ धरून पुढचं काम होतं.

यानंतरची अडचण म्हणजे रेषा जोडल्या तरी पृष्ठभाग भरेना. चारी बाजू बंद दिसतात, पण मधे रंग येत नाही. याची कारणं बहुतेक दोनच असतात. एक तर कुठेतरी टोकं केसभर सुटलेली असतात, नाहीतर सगळे बिंदू एका पातळीत नसतात. माझ्याकडे दुसरं होतं. ट्रॉल्यांच्या वरच्या कडांना धरून रेषा काढल्या होत्या आणि तयार मॉडेलांच्या लायब्ररीतून घेतलेल्या ट्रॉल्यांच्या उंचीत सूतभर फरक होता. उपाय साधा आहे. ओट्याचा आकार जमिनीवर काढायचा, तिथे पृष्ठभाग नक्की भरतो. मग त्याचा ग्रुप करायचा, म्हणजे सगळं एकत्र बांधायचं, आणि वर उचलायचा. उंची आम्ही ३३ इंच ठेवली. ट्रॉलीवाला ३४ वर अडून बसला होता, पण पोळ्या सासूबाई लाटतात, तो नाही.

जाडी देताना मापाच्या एककाकडे बघावं. फाइल सुरू करताना निवडलेलं टेम्प्लेट इंचांचं असेल आणि तुम्ही नुसतं १८ टाइप केलंत, तर १८ मिलिमीटरऐवजी १८ इंच जाडीचा दगड उभा राहतो. आकड्यापुढे एकक लिहिलं की टेम्प्लेट कुठलंही असो, माप बरोबर घेतलं जातं. आपल्याकडे ही सवय लावून घ्यावीच. दगडाची जाडी मिलिमीटरमध्ये, ओट्याची रुंदी इंचांत, लांबी फुटांत आणि चूक सुतात, असं सगळं एकाच वाक्यात चालतं.

खरा घोळ सिंकपाशी झाला. ओट्याचं पाणी सिंककडे जावं म्हणून त्या बाजूला हलका उतार द्यायचा होता. वरच्या पृष्ठभागाची एक कडा खाली ओढली, तर एल आकाराचा तो पृष्ठभाग दुमडला आणि त्यावर तिरक्या रेषा उमटल्या. पलीकडच्या कडेची पातळी बदलली नव्हती, म्हणून पृष्ठभाग सपाट राहूच शकत नव्हता. त्यात सिंकचा चौकोन काढून पुश-पुलने, म्हणजे पृष्ठभाग आत-बाहेर ढकलायच्या टूलने, खाली ढकलला, तर भोक पडेना, खड्डा तेवढा तयार झाला. आणखी ढकललं की खालून एक डबा बाहेर यायचा. पुश-पुल आरपार भोक पाडतं ते वरचा आणि खालचा पृष्ठभाग समांतर असेल तेव्हाच, आणि उतारामुळे माझे दोन पृष्ठभाग समांतर उरलेच नव्हते.

हे सुटलं ते ग्रॅनाइटवाला दगड कसा कापतो ते आठवल्यावर. तो एल आकाराचा अख्खा दगड आणत नाही. दोन फळ्या आणतो, कोपऱ्यात सांधा देतो, आणि सांधा सिंकच्या भोकापासून लांब ठेवतो. सपाट फळीला भोक पाडतो आणि बसवताना अख्खी फळी उताराला धरतो. मी मॉडेलमध्येही तेच केलं. दोन फळ्यांचे दोन वेगळे ग्रुप, सपाट असतानाच सिंकचं भोक, आणि शेवटी रोटेट करून उतार. पहिल्या झटक्यात जमलं. खांबाची खाचही तशीच काढली. आतला कोपरा टोकदार न ठेवता थोडा गोल केला, कारण दगडाला तडा जातो तो अशा टोकदार आतल्या कोपऱ्यातूनच.

फळी बिनचूक बंद झाली आहे का, हे एन्टिटी इन्फोमध्ये, म्हणजे निवडलेल्या वस्तूची माहिती देणाऱ्या चौकटीत कळतं. तिथे 'सॉलिड ग्रुप' असं येतं आणि घनफळ दिसतं. नुसतं 'ग्रुप' आलं तर आत कुठेतरी भोक, सुटी रेषा किंवा जास्तीचा पृष्ठभाग आहे. या घनफळाचा एक उपयोग मला आधी सुचला नव्हता, तो म्हणजे वजन. ग्रॅनाइट घनमीटरला साधारण २,७०० किलो धरलं, तर सात फूट लांब, दोन फूट रुंद, १८ मिलिमीटरची फळी साठ किलोंच्या वर जाते. काळे दगड त्याहूनही जड असतात. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. हमालीचं बोलणं मी आधीच करून घेतलं.

बारीकसारीक दुखणी होतीच. ओटा फिरवून बघताना त्याची खालची बाजू लुकलुकायची, कारण लायब्ररीतल्या ट्रॉलीला तिचा स्वतःचा वरचा पाट होता आणि तो माझ्या फळीच्या जागेतच येत होता. तो पाट ट्रॉलीच्या आत शिरून काढावा लागतो, आणि एका ट्रॉलीतून काढला की तिच्या सगळ्या प्रतींतून जातो. फक्त एकीतूनच काढायचा असेल तर आधी 'मेक युनिक' करायचं. ब्लॅक गॅलेक्सी या काळ्या ग्रॅनाइटचं टेक्श्चर लावलं तर त्यातले सोनेरी ठिपके लाडवाएवढे दिसले. मटेरियल एडिटमध्ये चित्राची खरी रुंदी घातल्यावर ते ताळ्यावर आले.

कडेच्या गोलाईसाठी फॉलो मी वापरलं. हे टूल एखादा आकार कडेच्या रेषेवरून फिरवतं. पुढची अर्धगोल कड नीट आली. भोकाच्या काठाला तीन मिलिमीटरची गोलाई दिली, तिथे मात्र पृष्ठभाग गळायला लागले. स्केचअपला मिलिमीटरच्या आतल्या कडा झेपत नाहीत आणि एवढ्या लहान कंसाचे बारा तुकडे केले की प्रत्येक तुकडा अर्ध्या मिलिमीटरच्याही आत जातो. तुकडे चारवर आणले की काम होतं. किंवा फळीचा कॉम्पोनंट करायचा (म्हणजे असा ग्रुप, ज्याच्या एका प्रतीतला बदल सगळ्या प्रतींत होतो), त्याची प्रत कैक पटींनी मोठी करून तिच्यावर काम करायचं आणि मग ती प्रत पुसायची. मूळ फळीत बदल आपोआप उतरतो.

शेवटी मापांचा कागद छापून दिला. ग्रॅनाइटवाल्याने कोपऱ्याचं तिरकं माप स्वतः पुन्हा घेतलं आणि मान डोलावली. पैशांचं बोलताना मात्र माझा आकडा आणि त्याचा आकडा जुळेना. एन्टिटी इन्फो पृष्ठभागाचं क्षेत्रफळ देतं ते भोक वजा करून. २१ बाय १८ इंचांचं सिंक म्हणजे अडीच चौरस फुटांहून थोडं जास्तच. आमचा ग्रॅनाइटवाला ते वजा करत नाही, दगड अख्खा मोजतो आणि कट-आऊटचे पैसे वेगळे लावतो. खांबाच्या खाचेचंही तसंच. त्यामुळे अंदाजपत्रकासाठी मी भोक पाडण्याआधीच्या फळीची एक प्रत बाजूला ठेवली आणि क्षेत्रफळ तिचं घेतलं.